गाठ केवढी नव्हे, कशी

रत्नागिरी जिल्ह्यात सोनोग्राफी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पोट येते. घरातल्या सुनेला दिवस गेलेले असतात, नाहीतर कुणाच्या तरी मुतखड्याने उचल खाल्लेली असते. त्यामुळे मानेतली गाठ दाखवायला गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी सोनोग्राफी करून आणायला सांगितली की तो बुचकळ्यात पडतो. गाठ बोटाला लागते आहे, आरशात दिसते आहे. आता आत आणखी काय बघायचे?

शंका रास्त आहे. डॉक्टरांच्या बोटांना बरेच कळतेही: गाठ मऊ की टणक, सरकते की चिकटलेली, दाबली तर दुखते की नाही. बोटांना कळत नाही ती गाठीची आतली रचना. शिवाय बोटाला लागणाऱ्या एका गाठीशेजारी न लागणाऱ्या चार असू शकतात. माणसे पहिल्यांदा विचारतात ते आकाराविषयी, ‘केवढी आहे हो?’ आणि निदान बहुतेक वेळा आकारात नसतेच.

मानेतली गाठ बहुतेकदा लसीका गाठ, म्हणजे लिम्फ नोड, असते. शरीरात अशा गाठी सुमारे आठशे धरल्या जातात. त्यांतल्या तीनशेच्या आसपास एकट्या मानेत असतात. हवा, पाणी, अन्न, धूळ, तंबाखू असे सगळे नाकातोंडाच्या वाटेनेच आत येते, म्हणून या गाठींचा पहारा तिथेच दाट आहे. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, हे कोकणातल्या आजीला कुणी शिकवावे लागत नाही. मानेतही हेच घडते, फक्त वाटा वेगळ्या. दाढ किडली तर जबड्याखाली गाठ येते. टॉन्सिल सुजले तर जबड्याच्या कोनाखाली. शाळकरी मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आणि खाजवून खाजवून फोड पिकले, तर मानेच्या मागच्या बाजूला मण्यांसारख्या गाठी लागतात आणि आई घाबरून दवाखान्यात येते. लहान मुलांची मान चाचपली तर बहुतेकांच्या मानेत काही ना काही लागतेच. डावीकडे गळपट्टीच्या हाडामागे आलेली गाठ मात्र वेगळ्या कुळातली. पोटातून आणि छातीतून वर येणारी मुख्य लसीकावाहिनी तिथेच शिरेत रिकामी होते. जठराचा कर्करोग कधी कधी पहिल्यांदा तिथे दिसतो, हे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी १८४८ मध्ये लिहून ठेवले. ती गाठ आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. थोडक्यात, गाठ कुठे आहे यावरून ती कुठून आली याचा तर्क बांधता येतो. मानेची सोनोग्राफी करणारा चांगला डॉक्टर म्हणूनच आधी तुम्हाला तोंड उघडायला लावतो.

मानेतल्या गाठींची मालिका आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेत ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे एकत्र वर्णन आहे, आणि गंडमाळ हा शब्द खेडोपाडी अजून चालतो. युरोपात याच दुखण्यावर राजाचा हात फिरला की ते बरे होते अशी समजूत होती. १७१२ साली इंग्लंडच्या ॲन राणीने तान्हेपण नुकतेच सरलेल्या सॅम्युएल जॉन्सनच्या मानेला हात लावला होता. पुढे इंग्रजीचा मोठा कोशकार झालेल्या या गृहस्थाच्या मानेवर शस्त्रक्रियेचे व्रण जन्मभर राहिले. राणीचा हात काही लागू पडला नाही. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हा गंडमाळ आणि फुफ्फुसाचा क्षय यांमागे एकच चोर आहे हे पक्के झाले.

रत्नागिरीचा या चोराशी जुना परिचय आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या हातांमध्ये या जिल्ह्याचा वाटा फार मोठा. दहा बाय दहाच्या खोलीत आळीपाळीने झोपणारी माणसे खोकला घेऊन गावी परतत. गिरण्या गेल्या, आजार राहिला. आजही भारतात फुफ्फुसाबाहेरच्या क्षयरोगात लसीका गाठींचा क्षय सर्वांत जास्त आढळतो, आणि त्यातही मानेचा. रोग्याला खोकला असेलच असे नाही, थुंकीत जंतू सापडतीलच असेही नाही. एक गाठ असते, ती फारशी दुखत नाही, आणि घरात आंबेहळदीचा लेप चालू असतो.

दुसरा संशयित तोंडात असतो. कोकणातल्या कित्येक बायका सकाळी चुलीपाशी मशेरी लावतात. पुरुषांकडे तंबाखू-चुना आहे, आणि २०१२ पासून राज्यात बंदी असलेला गुटखाही कुठून तरी येतोच. गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला बसलेला कर्करोग पसरतो तो आधी जबड्याखाली आणि मानेच्या वरच्या भागात. मुंबईच्या टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयाने चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या साथीने या जिल्ह्यात कर्करोगाची तपासणी आणि नोंदणी केली आहे; पुरुषांच्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग इथे वरच्या क्रमांकावर आहे.

तेव्हा रत्नागिरीत मोठ्या माणसाच्या मानेतल्या गाठीविषयीचा खरा प्रश्न बहुतेकदा असा असतो: साधी सूज, क्षय की कर्करोग?

आता यंत्राकडे वळू. मनुष्याला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडायचा आणि परतणारा प्रतिध्वनी टिपायचा, एवढेच तत्त्व. ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी लोखंडातल्या भेगा शोधणारे यंत्र माणसाच्या पोटावर ठेवून १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चित्रे छापली, तिथून ही विद्या वैद्यकात रुजली. शरीराच्या मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. दोन सेंटीमीटर खोल असलेल्या गाठीवर आपटून तो सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या अडीचपट वेळात परत येतो, आणि यंत्र त्या वेळेवरून खोली मोजते. पोटासाठी साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी लागतो, कारण खोल जायचे असते. मानेतल्या गाठी कातडीखाली एक-दोन बोटांवरच असतात, म्हणून दहा मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा ध्वनी परवडतो. दहा मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या सुमारे सातव्या भागाएवढी. म्हणून मानेचे चित्र पोटापेक्षा कितीतरी रेखीव येते. सी. टी. स्कॅनमध्ये पाच मिलिमीटरची गाठ नुसता ठिपका असते; चांगल्या सोनोग्राफीत तिच्या आतले दिसते. याच कामासाठी सोनोग्राफी स्वस्त असूनही सरस आहे, हे शहरी रुग्णांना पटवणे कधी कधी कठीण जाते. महाग तपासणी ती चांगली तपासणी, असा आपल्याकडे एक समज आहे.

निरोगी गाठ पडद्यावर काजूगरासारखी दिसते: लांबट, एका बाजूने किंचित खोलगट. बाहेरचा भाग गडद करडा आणि त्या खोलगट जागेतून आत शिरणारी पांढुरकी पट्टी. या पट्टीला हायलम म्हणतात. तिथे चरबी असते आणि तिथूनच रक्तवाहिन्या आत-बाहेर करतात. साध्या सुजेत गाठ फुगते पण घडण मोडत नाही. लांबटपणा राहतो, पट्टी राहते. टॉन्सिलजवळची एखादी गाठ दीड सेंटीमीटर लांब असूनही अगदी निर्दोष असू शकते. उलट सात मिलिमीटरची, चेंडूसारखी गोल आणि पट्टी हरवलेली गाठ तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णात दिसली, तर तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही. म्हणून डॉक्टर लांबी पाहून थांबत नाहीत. आडवे माप भागिले लांबी करतात. उत्तर अर्ध्याहून कमी आले तर दिलासा, जास्त आले तर सावध. अपवाद आहेच: जबड्याखालच्या आणि कानाजवळच्या गाठी मुळातच गोलसर असतात.

रिपोर्टमध्ये ‘दोन्ही बाजूंना सेंटीमीटरहून लहान काही लिम्फ नोड, हायलम शाबूत’ असे लिहून आले की घरात रडारड होते, ती या कारणाने अनाठायी आहे. ते वाक्य बहुतेक वेळा निरोगी मानेचे वर्णन असते. माझ्या मते रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी त्यापुढे ‘नेहमीच्या दिसतात’ एवढे तरी लिहावे. दोन शब्दांची कंजुषी कुणाच्या तरी आठवड्याची झोप घालवते.

क्षयाची गाठ ओळखण्यात हाँगकाँगमध्ये काम करणाऱ्या अनिल अहुजा आणि मायकेल यिंग यांचे मोठे श्रेय आहे. तिथेही आपल्यासारखाच पेच: क्षयही भरपूर आणि घसा-नाकाचा कर्करोगही भरपूर. दोन्हींत गाठ गोल होते, दोन्हींत पट्टी नाहीशी होते. मग फरक कशात? क्षयात गाठी एकमेकींना चिकटून पुंजका करतात. आतला गाभा कुजून पातळ होतो आणि पडद्यावर काळा दिसतो. भोवतीच्या मांसात सूज उतरते, त्यामुळे गाठीची कड पुसट होते. कर्करोगाच्या गाठीची कड मात्र बरेचदा सुरीने कापल्यासारखी ठळक असते. इथे नवशिके फसतात. स्तनासारख्या ठिकाणी पुसट, वेडीवाकडी कड म्हणजे धोका हे त्यांच्या मनावर ठसलेले असते, आणि मानेच्या गाठीत ते नेमके उलटे पडते. फक्त ज्या गाठीत कर्करोग आहे हे आधीच ठाऊक आहे तिची कड पुसट होऊ लागली, तर त्याचा अर्थ रोग कवच फोडून बाहेर पडतो आहे.

मग रंगीत डॉप्लर. १८४२ मध्ये ख्रिस्तियान डॉप्लर यांनी जोडताऱ्यांच्या रंगांविषयी मांडलेले तत्त्व आज गाठीतले रक्त कुठून वाहते ते दाखवते. साध्या सुजेत रक्त हायलममधून शिरून फांद्या फुटाव्यात तसे पसरते. कर्करोगात कडेकडेने नव्या वाहिन्या घुसतात. क्षयात कुजलेल्या गाभ्यामुळे वाहिन्या एका बाजूला ढकलल्या जातात, किंवा रक्त दिसतच नाही. हे पाहायला हात हलका लागतो. गाठीतल्या वाहिन्या इतक्या बारीक असतात की मानेवर टेकवलेला यंत्राचा प्रोब जरा दाबला तरी मिटतात, आणि ‘रक्तपुरवठा नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. सोनोग्राफी ही यंत्राची परीक्षा कमी आणि मनगटाची जास्त आहे.

लिम्फोमाची, म्हणजे लसीका गाठींच्याच कर्करोगाची, गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुन्या यंत्रांवर या गाठी इतक्या एकसारख्या काळ्या दिसत की त्यांत पाणी भरले आहे असे वाटावे, आणि पुस्तकांत तीच खूण म्हणून छापली गेली. यंत्रे सुधारली तसे त्या काळोखात बारीक जाळे दिसू लागले आणि जुनी खूण मागे पडली. आजार तोच होता, डोळा बदलला. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगाची गाठ याउलट शेजारच्या स्नायूहून उजळ दिसते आणि तिच्यात चुन्याचे बारीक कण चमकतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेत पाण्याची गाठ दिसली तर ती जन्मजात आहे म्हणून सोडून देऊ नये. घशाचा किंवा थायरॉइडचा कर्करोग असा वेषांतर करून येतो. इलॅस्टोग्राफी नावाची नवी सोय गाठीचा कठीणपणा रंगात दाखवते. छान दिसते, पण चुना साठलेली जुनी क्षयाची गाठही कठीणच असते, तेव्हा तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

एवढे सगळे वाचून सोनोग्राफीने निदान होते असे वाटले असेल, तर तसे ते होत नाही. सोनोग्राफी संशयाची दिशा ठरवते. निदान सुई करते. पण सुई कुठे घालायची हे सोनोग्राफीच सांगते, आणि माझ्या लेखी तिचे सर्वांत मोलाचे काम हेच. क्षयाचा संशय असेल तर सुई पातळ झालेल्या गाभ्यात न्यायची, कारण जंतू पुवात सापडण्याची शक्यता जास्त. तोच पू सीबीनॅट यंत्रात घातला की जंतूचा माग दोनेक तासांत लागतो आणि रिफाम्पिसिन हे औषध त्याच्यावर चालेल का तेही कळते. कर्करोगाचा संशय असेल तर गाभा टाळायचा; तिथे मेलेल्या पेशींखेरीज काही मिळत नाही. कडेचा घट्ट, रक्त वाहणारा भाग टोचायचा. लिम्फोमा वाटत असेल तर बारीक सुई अपुरी पडते, जाड सुईने तुकडा काढावा लागतो किंवा अख्खी गाठ. नुसत्या बोटाच्या अंदाजाने टोचलेली सुई आणि पडद्यावर टोक बघत नेलेली सुई यांत केवढा फरक पडतो, हे यावरून लक्षात यावे. गाठीला थेट चीर देण्याची घाई तर करूच नये. क्षयाची गाठ कापली तर जखम महिनोन्महिने वाहत राहू शकते.

मग प्रत्येक नाक-कान-घसा तज्ज्ञाच्या टेबलावर हे यंत्र का नसते? जर्मनीत असते. आपल्याकडे नसण्यामागे एक वेगळाच इतिहास आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, साल १९८८. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्या कायद्याखाली आता सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र, ते कुठे आहे, कोण चालवतो, याची नोंद समुचित प्राधिकाऱ्याकडे करावी लागते. यंत्राला मान आणि गर्भ यांतला फरक कळत नाही, म्हणून मानेसाठी घेतलेले यंत्रही त्याच नियमात. मुली वाचवण्यासाठी हा जाच हवाच होता, याविषयी माझ्या मनात दुमत नाही. पण त्याचा भार मंडणगड किंवा राजापूरच्या टोकाच्या गावातल्या रुग्णावर प्रवासाच्या रूपाने पडतो, हेही मान्य करायला हवे. जिल्हा दक्षिणोत्तर लांबच लांब, मध्ये खाड्या आणि घाट. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर महाविद्यालय आहे. तरी अजून पुष्कळ जण आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतात, नाहीतर परळला नातेवाइकांकडे उतरून टाटाची वाट धरतात.

त्याच टाटामध्ये सोनोग्राफीच्या आणि बोटांच्याही मर्यादा दाखवणारा एक मोठा अभ्यास झाला. तोंडाचा सुरुवातीचा कर्करोग, पण मानेत गाठ लागत नाही, अशा रुग्णांच्या मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा शस्त्रक्रिया करणाऱ्यांमधला अनेक दशकांचा वाद. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी पाचशेच्या आसपास रुग्णांचे निकाल २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण आधीच गाठी काढलेल्यांत ८० टक्के होते आणि थांबलेल्यांत ६७.५ टक्के. म्हणजे जी मान निर्दोष वाटत होती तिच्यात काहींच्या बाबतीत रोग आधीच शिरलेला होता. मूठभर पेशी गाठीच्या कोपऱ्यात बसल्या असतील, तर गाठीचा आकार बदलत नाही, पट्टी बदलत नाही, आणि सोनोग्राफीला काहीच दिसत नाही. तोंडात कर्करोग ठरला असताना ‘मानेची सोनोग्राफी तर नॉर्मल आहे, मग मान कशाला कापता?’ असे डॉक्टरांशी वाद घालण्याआधी हे आकडे आठवावेत. घशाच्या मागच्या आणि छातीच्या हाडाआडच्या गाठीही सोनोग्राफीला दिसत नाहीत, तिथे सी. टी. किंवा एम. आर. आय. लागतो.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, वाढत गेली, किंवा सोबत संध्याकाळचा ताप आणि वजनातली घट असेल तर थांबू नका. तंबाखू किंवा मशेरीची सवय असेल तर तोंडही दाखवा, नुसती मान नको. सुईची तपासणी होण्याआधी कुणी स्टेरॉइड दिले तर लिम्फोमा काही काळ लपतो. लिवोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक दिले तर क्षयाचे जंतू अर्धवट मरतात आणि तपासणीत सापडत नाहीत. तेव्हा गोळ्या आधी की सुई आधी, हे डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

निदान क्षयाचे झाले तर औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, साधारण सहा महिने घ्यावी लागतात, आणि पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये खात्यात जमा होतात; नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते पाचशे होते. उपचार चालू असताना काहींची गाठ उलट वाढते किंवा नवी उठते. मेलेल्या जंतूंवर शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया असू शकते; औषध लागू पडत नाही असे स्वतःच ठरवून गोळ्या सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. कोर्स संपल्यावरही लहानशी गाठ उरू शकते, आणि ती निद्रिस्त आहे की जागी, हे जुन्या चित्राशी ताडूनच कळते. म्हणून पहिली फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा. मुंबईला जायची वेळ आलीच तर त्यांच्यासोबत सुईच्या तपासणीच्या काचपट्ट्याही प्रयोगशाळेतून मागून घ्या. टाटामध्ये त्या पुन्हा तपासतात, आणि त्या नसल्या की सुई दुसऱ्यांदा टोचून घ्यावी लागू शकते.